अश्वजितला दिलेली सुट्टी

नाव : श्री. अश्वजित माणिकराव खिल्लारे. वय : त्रेचाळीस वर्षे. मूळ गाव : किन्हीराजा, तालुका मालेगाव. हल्ली मुक्काम : रिसोड, जिल्हा वाशीम. वैवाहिक स्थिती : अविवाहित. दिव्यांगत्वाचा प्रकार : बौद्धिक. प्रमाण : सत्तर टक्के. स्वरूप : कायम. शिक्षण : निरंक. हस्तकौशल्य : निरंक. व्यवसाय : निरंक. पालक : बहीण, पौर्णिमा. ओळखचिन्ह : उजव्या तळहाताच्या मध्यभागी घट्टा. सदर व्यक्ती उन्हाळी शिबिरात सहभागी होण्यास सर्वथा पात्र आहे.

हा मजकूर माझ्या हातचा. पंचायत समितीतून मी बाबू म्हणून निवृत्त झालो, अक्षर झालं नाही. त्यामुळे गल्लीतले अर्ज अजून माझ्याच ओट्यावर येतात. सत्तर टक्के म्हणजे कशाचे सत्तर टक्के, हे प्रमाणपत्रात लिहिलेलं नसतं. उरलेल्या तिसांचं काय करायचं, याबद्दलही सूचना नाहीत. बाकी अर्जात खोट्या ओळी दोनच होत्या, हस्तकौशल्याची आणि व्यवसायाची. त्या खोट्या असल्याचा पुरावा मी स्वतःच खाली ओळखचिन्हासमोर लिहून ठेवला होता. अर्ज तपासणाऱ्या कुणाला तो दिसला नाही. लिहिताना मलाही दिसला नाही.

घट्टा दाभणाचा होता.

अश्वजितचे वडील माणिकराव रिसोडच्या बाजारात हमाल होते. बायको वारली तेव्हा अश्वजित चोवीस वर्षांचा होता आणि त्याला दिवसभर घरी सांभाळायला कुणी उरलं नव्हतं. माणिकराव त्याला सोबत घेऊन जगदेवभाऊंच्या अडतीवर जाऊ लागले. रिकाम्या बारदान्याच्या ढिगावर त्याला बसवायचे. गुंतून राहावा म्हणून त्यांनी एक दिवस त्याच्या हातात दाभण, सुतळी आणि एक फाटकं पोतं दिलं. तो गुंतला. दुसरा माणूस जे दोन दिवसांत शिकतो ते शिकायला त्याला दोन महिने लागले. पण दुसरा माणूस शिकल्यावर घाई करायलाही शिकतो. अश्वजितला ते जमलं नाही.

पोतं भरलं, काट्यावरून उतरलं, की त्याचं तोंड दुमडून शिवायचं आणि दोन्ही टोकांना मूठभर कापड गाठ मारून मोकळं सोडायचं. हमाल त्यालाच धरून पोतं पाठीवर घेतात. त्याला कान म्हणतात. अश्वजितला चौदा मोजता येत नाहीत, पण त्याच्या पोत्याला चौदाच टाके असायचे. अर्ध्यावर थांबून तो एकदा वर बघायचा, मग उरलेले घालायचा. राजपाल नावाचा हमाल म्हणायचा, "अशूचे कान धरले का पोतं सोताच उठते बाप्पा." हे वाक्य त्यानं अश्वजितसमोर इतक्या वेळा म्हटलं, की अश्वजित पोतं शिवून झालं की स्वतःच सांगायचा, "धर कान."

पुढे माणिकरावही गेले. दुखवट्याचे दिवस झाल्यावर अश्वजित एकटाच अडतीवर जाऊन बारदान्यावर बसला आणि कुणी त्याला उठवलं नाही. मजुरी आठवड्याला पौर्णिमाच्या हातात जायची. नाव कुठल्याही वहीत नव्हतं.

म्हणून मी व्यवसायासमोर निरंक लिहिलं. पुरावा नसलेली गोष्ट कागदावर नसते, हे मी एकतीस वर्षं लोकांना खिडकीतून सांगत आलो होतो. शिवाय पत्रकात छापलं होतं : रोजगार नसलेल्यांना प्राधान्य. प्राधान्य हा शब्द दिसला की बाबूचा हात आपोआप निरंकाकडे वळतो.

पत्रक मलाच सापडलं होतं. मंगरूळपीरच्या एका संस्थेनं प्रौढ दिव्यांगांसाठी दहा दिवसांचं निवासी शिबीर ठेवलं होतं, मे महिन्यात, एका रिकाम्या वसतिगृहात. मी ते घेऊन पौर्णिमाकडे गेलो. ती अंगणवाडीत मदतनीस आहे. घरी एक भाऊ, अंगणवाडीत बावीस लेकरं, असा तिचा संसार. वडील गेल्यापासूनच्या अकरा वर्षांत ती एकदाही परगावी मुक्कामी राहिलेली नव्हती.

"त्याले काहून पाठवा काका?" ती म्हणाली. "तो कुठी थकला?"

"हवापालट होते. माणसात मिसळते."

"बाजारात काय ढोरं असतात?"

"अन् तुले दहा दिवस आराम भेटते."

यावर ती बोलली नाही. ज्या कारणासाठी माणूस हो म्हणतो ते कारण दुसऱ्यानं बोलून दाखवलं की तो गप्प बसतो. मी ते पाहिलं आणि तेवढ्यावर अर्ज भरला.

जगदेवभाऊंकडेही मीच गेलो. ते वजनाची चिठ्ठी लिहीत होते. मान वर न करता म्हणाले, "मे मयन्यात? बाबूसाहेब, हयद चालू हाय! सारा बाजार पिवया झाला, तुमाले दिसून नाई राह्यला?"

सोयाबीन संपलं की बाजार झोपतो, अशी माझी समजूत होती. हळदीचा विचार मी केला नव्हता. पण एवढ्यात माघार घेणं माझ्या स्वभावात नाही. मी म्हटलं, "जगदेवभाऊ, माणसाले वर्षातून दहा दिवस सुट्टी पायजे का नाई?"

"मी कवा घेतली?"

"तुमी मालक आहात."

"म्हनूनच नाई घेतली." मग चष्मा काढून त्यांनी बारदान्यावर बसलेल्या अश्वजितकडे पाहिलं. "न्या. दहा दिवस. माह्या साडूजवळ पोते शिवाची मशीन हाय, तेवढ्यापुरती आनतो. पन दहा म्हंजे दहा."

मी आभार मानले. फार मनापासून मानले, हे आता आठवतं.

अडचण पुढेच होती. अश्वजितला सुट्टी हा शब्दच माहीत नव्हता. अमावस्येला बाजार बंद असतो. त्या दिवशी तो जायचा, शटरला हात लावून बघायचा, "बंद" म्हणायचा आणि परत यायचा. बंद हा शटरचा गुण होता, त्याच्याशी अश्वजितचा संबंध नव्हता. शाळेत तो गेला नव्हता, त्यामुळे शाळा सुटल्यावर लेकरं ओरडत पळतात तेही त्याच्या वाट्याला आलं नव्हतं. शब्द मी शिकवला. ओट्यावर बसवून, दोन दिवस.

"सुट्टी म्हंजे काय? पिशवी भराची. स्टँडवर जाचं. गाडीत बसाचं. मंगरूळले जाचं. मजा कराची."

"दाभन?"

"दाभन नाई. सुट्टीत काम नसते."

"सुट्टीत काम नसते," तो म्हणाला.

विहारात वंदना चालू असते तेव्हा अश्वजित मधलं काही म्हणत नाही. प्रत्येक ओळीच्या शेवटी "गच्छामि" तेवढं मोठ्यानं म्हणतो, सगळ्यांच्या किंचित मागून. तसंच त्यानं माझ्या धड्याचं केलं. शेवटचं वाक्य धरलं आणि सोडलं नाही. निघायच्या आधी तीन दिवस तो बाजारभर सांगत फिरला, "मले सुट्टी हाय."

"अबे, मले बी ने ना संगं," राजपाल म्हणाला.

"तू नाई. तुले काम हाय."

हमालांची हसता हसता पुरेवाट झाली. राजपालला ते इतकं आवडलं, की तो चार दिवस जो भेटेल त्याला सांगत होता : अशूनं मले रजा नामंजूर केली.

शिबिरात काय झालं ते मला निताकडून कळलं. निता तिथली ताई, शेलूबाजारकडच्या एका तांड्यातली, वय सत्तावीस-अठ्ठावीस, आवाज घरातल्या माणसांना शेतातून हाक मारून कमावलेला. समारोपाला मी आणि पौर्णिमा गेलो तेव्हा ती आम्हाला बाजूला घेऊन बोलली. पौर्णिमा घाबरली होती. भावानं काही तोडलं-फोडलं असेल असं तिला वाटत होतं.

शिबिरात रोज सकाळी निता प्रत्येकाला विचारायची, "आज तुमाले काय कराचं?" पहिले तीन दिवस अश्वजित मागे वळून बघायचा, ही कुणाला विचारतेय म्हणून. चौथ्या दिवशी त्यानं उत्तर दिलं. "झोका." वसतिगृहाच्या अंगणातल्या कडुलिंबाला झोका बांधलेला होता, लेकरांच्या मापाचा. अश्वजितचे पाय जमिनीला टेकत, म्हणून तो गुडघे छातीशी धरून बसायचा आणि एक जण ढकलायचा. ऐंशी किलोचा माणूस. "फांदी पाहून पाहून माहा जीव वर-खाली," निता म्हणाली. "अन् हे आपले खाली उतराले तयार नाई." ती सगळ्यांना अहो-जाहो करत होती. अश्वजितला कुणी अहो म्हटलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. पौर्णिमानंही.

कौशल्याची चाचणी मात्र फसली. कागदी पिशव्या करायच्या होत्या, मणी ओवायचे होते, रुमालावर टाका घालायचा होता. सुई त्याच्या बोटांत राहीना. दाभण धरलेल्या बोटांना सुई म्हणजे हातात काहीच नसल्यासारखं. ती तीनदा पडली. चौथ्यांदा हरवली, आणि दुपारभर सगळं शिबीर ती शोधत होतं. तक्त्यावर शेरा पडला : हस्तकौशल्य, निरंक.

मग सातव्या दिवशी स्वयंपाकघरात गव्हाचं पोतं उसवलं. सुतळी आली, दाभण आलं. अश्वजितनं ते पोतं शिवलं, कान काढले आणि कुणी थांबवलं नाही म्हणून तसाच गाद्यांच्या खोलीत गेला. तिथे तोंड उघड्या अभ्र्यांच्या चाळीस उशा होत्या. संध्याकाळी सगळे झोपायला गेले तेव्हा प्रत्येक उशीचं तोंड सुतळीनं बंद होतं आणि प्रत्येक उशीला दोन कान होते.

"काका, आमच्या साऱ्या उशाईले कान आले!" निता हसत हसत म्हणाली. "पायटी उठतो तं प्रत्येकाच्या गालावर सुतळीचा छाप. अन् हे पाठीमागून सांगते, धर कान, धर कान!"

पौर्णिमा हसली, मग तिला रडू आलं, मग ती दोन्ही लपवायला पाणी प्यायला गेली. निताच्या हातातल्या तक्त्यात 'निरंक' खोडून 'प्रारंभिक' केलेलं होतं. शिबिराच्या अहवालात पुढे ही दहा दिवसांतली प्रगती म्हणून गेली.

मी त्याच वेळी सांगायला हवं होतं, की हा माणूस एकोणीस वर्षं हेच करतो आहे. पण मग अर्जात निरंक कुणी लिहिलं हा प्रश्न आला असता. मी टाळ्या वाजवल्या.

निघताना निता अंगणात उभी राहून ओरडली, "चला! सुट्टी संपली! सारे जन गाडीत बसा!" अश्वजित सगळ्यांच्या आधी गाडीत जाऊन बसला.

दुसऱ्या दिवशी तो सकाळी आठला अडतीवर होता. आढ्याला स्प्रिंगवर मशीन टांगलेली होती, चांगली शेजारच्या अडतीपर्यंत ऐकू जाणारी. पोतं खाली यायचं, मशीन तोंडावरून फिरायची, टर्रर्र, पुढचं. अश्वजितनं बारदान्यावर बसून थोडा वेळ ते पाहिलं. त्याच्या पुढ्यात पोतं आलं नाही. तो उठून जगदेवभाऊंसमोर उभा राहिला.

जगदेवभाऊ वाईट माणूस नाही. त्यांना बोलायचं जड गेलं असणार, म्हणून त्यांनी सगळ्यात मऊ शब्द निवडला. म्हणाले, "अशू, तुले आता सुट्टी."

राजपाल तिथेच होता. तो सांगतो, अश्वजितचं तोंड असं उजळलं, की हमालांनी माना खाली घातल्या. "खरंच?" त्यानं विचारलं. जगदेवभाऊ म्हणाले, "हो." तो पळत घरी गेला.

अकराच्या सुमाराला मी स्टँडवर गेलो होतो. अश्वजित बाकावर बसलेला, मांडीवर पिशवी.

"कुठं रे?"

"सुट्टी!"

"कोनं सांगतलं?"

"जगदेवभाऊनं देल्ली."

एक दिवस मोकळा दिला असेल, असं मला वाटलं. मी त्याला पाच मिनिटं तसाच आनंदात बसू दिलं आणि बरं केलं असंही मनात म्हटलं. मग आपल्या भाषेत माणसाची सुट्टी करतात तेव्हा काय करतात, ते ध्यानात आलं. एकतीस वर्षांच्या नोकरीत तो अर्थ मी किती वेळा वापरला होता. दोन दिवस ओट्यावर बसवून शिकवलं तेव्हा तेवढाच सांगायचा राहिला.

मी अडतीवर गेलो. जगदेवभाऊंनी मला पाहताच हात वर केला. "बाबूसाहेब, काही बोलू नका. तुमीच म्हनले, त्याले सुट्टी द्या. मी देल्ली."

"दहा दिवसाची म्हटलं होतं."

"मशीन बी दहा दिवसाची म्हनूनच आली होती." मग आवाज खाली आणून म्हणाले, "साडूले परत द्याले गेलो तं तो म्हने ठिव. मशीन बिमार पडत नाई, अमावशेले शटर वाजवत नाई. आता काय सांगू?"

मी तिथेच बारदान्यावर बसलो. शेवटी त्यांनीच वाट काढली. फाटक्या बारदान्याला ठिगळ लावायचं काम रोज निघतं, मशीनला ते जमत नाही. शिवाय मशीनचा टाका एका टोकानं ओढला की सगळा निघतो, तशी पोती पुन्हा शिवावी लागतात. "दोन-तीन घंट्याचं काम हाय. उद्यापासून पाठवा. मजुरी पहिल्याएवढीच देईन, जा."

मी जवळजवळ पळतच स्टँडवर गेलो. "अश्वजित, चल. जगदेवभाऊनं बलावलं. काम हाय."

"सुट्टीत काम नसते," तो म्हणाला. माझ्याच आवाजात म्हणाला.

घरी पौर्णिमानं समजावलं, तरी सकाळी तो पिशवी घेऊन पुन्हा स्टँडवर. राजपाल एक फाटकं पोतं घेऊन स्टँडवर आला, त्याच्या पुढ्यात उकिडवा बसला. "अशू, पाय ना बे, फाटलं. शिवून दे. तुह्याबिगर कोन शिवीन?" अश्वजितनं पोतं हातात घेतलं, उलटंसुलटं करून पाहिलं, फाटलेल्या जागी बोट घातलं. मग घडी करून परत दिलं. राजपाल मला म्हणाला, "मशीनच्या पोत्याले कान नसतात, बाबूसाहेब. आमाले आता हूक मारा लागते." तो पाठ फिरवून गेला.

जगदेवभाऊ स्वतः यायला तयार नव्हते. हळदीचा लिलाव चालू होता. आणि एकदा दिलेली सुट्टी परत घ्यायला मालकानं स्टँडवर जायचं, हे बाजारात कसं दिसलं असतं?

चौथ्या दिवशी पौर्णिमा माझ्या ओट्यावर आली. बसली नाही. "तुमी शिकवला ना तो शब्द. तुमीच काहाडा आता त्याच्या डोक्यातून."

मी विचार करून गेलो. बाकावर त्याच्या शेजारी बसलो, आणि निता जे म्हणाली होती तेच शब्द वापरले. "अश्वजित, सुट्टी संपली."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. "संपली?"

"हो. संपली."

त्यानं पिशवी छातीशी घट्ट धरली, उभा राहिला आणि मंगरूळच्या रस्त्याकडे बघू लागला. "मंग गाडी कवा येईन?"

सुट्टी संपली की गाडीत बसायचं असतं. तो बरोबर होता. सुट्टी असली तरी गाडी आणि संपली तरी गाडी, आणि दोन्हींसाठी जागा स्टँडच. त्याच्या हिशेबात मी कुठे चूक काढणार?

पंधरा दिवस जगदेवभाऊंनी ठिगळाचं काम राखून ठेवलं. मग एका म्हाताऱ्या हमालाला दिलं. मी त्यांना दोष देत नाही. दोष देण्यासाठी मला लांब जायची गरज नाही.

अश्वजित आता सकाळी स्टँडवर असतो. कंडक्टर लोक त्याला ओळखतात, "काय, सुट्टीवर का?" म्हणून विचारतात, तो "हो" म्हणतो. दुपारी पौर्णिमा त्याला अंगणवाडीच्या ओसरीवर घेऊन जाते. त्या दहा दिवसांत ती रोज दुपारी झोपली होती, दोन गोधड्या धुतल्या होत्या, एका मैत्रिणीकडे मालेगावला मुक्कामी राहिली होती. "बरं वाटलं काका, खोटं काहून बोलू," ती मला एकदा म्हणाली. "त्याचीच लाज वाटते." दुपारी झोपायला मला आजही मिळतं.

तळहातावरचा घट्टा मऊ पडत चालला आहे. पुढच्या वर्षी ओळखचिन्ह दुसरं शोधावं लागेल.

या एप्रिलमध्ये संस्थेचं पत्र आलं. शिबीर यंदाही आहे, गतवर्षीच्या लाभार्थ्यांना प्राधान्य आहे. मागची माहिती छापूनच आली होती, खाली एक रकाना : माहितीत बदल असल्यास नमूद करावा. हस्तकौशल्यासमोर 'प्रारंभिक' होतं. व्यवसायासमोर निरंक होतं. पौर्णिमा पत्र पुढ्यात ठेवून उभी होती, आणि अश्वजित तिच्या मागे, पिशवी घेऊन. मी पेन उघडलं आणि लिहिलं : बदल नाही.

अश्वजित माणिकराव खिल्लारे यानं रिसोडच्या बाजारात एकोणीस वर्षं पोती शिवली.